बारा वर्षं अडलेली तीन वाक्यं

पुण्यात नगर रोड परिसरात राहणाऱ्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून ते थोडक्यात देते.

वय 38, नोकरी, माहेर श्रीरामपूरकडचं, घराणं पिढीजात कॅथलिक. नवरा सी.एन.आय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) या प्रोटेस्टंट चर्चचा, लग्न रीतसर परवानगी घेऊन कॅथलिक चर्चमध्ये झालं. मुलगी चौथीत आहे, ईस्टरनंतर तिचं फर्स्ट होली कम्युनियन, म्हणजे पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेण्याचा विधी, आहे. मुलांच्या पहिल्या कन्फेशनच्या, म्हणजे धर्मगुरूपुढे पापं कबूल करून क्षमा मागण्याच्या, आठवड्यात पालकांनीही कन्फेशन करावं, असं कॅटेकिझम (धर्मशिक्षणाचे वर्ग) घेणाऱ्या सिस्टरांनी सांगितलं आहे. या बाई 12 वर्षं कन्फेशनला गेलेल्या नाहीत. दर रविवारी मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जातात, कॉयरमध्ये (गायकवृंदात) गातात, पण ख्रिस्तप्रसाद घेत नाहीत. कोणी विचारलंच तर ‘निघताना काहीतरी खाल्लं, तास झाला नव्हता’ असं सांगून वेळ मारून नेतात, कारण ख्रिस्तप्रसादाआधी तासभर काही खायचं नसतं.

कारण असं. वडिलांची किडनी निकामी झाली, डायलिसिस सुरू झालं. धाकट्या भावाने फोन करून दोन लाख रुपये मागितले. फ्लॅटच्या डाउन पेमेंटसाठी ठेवलेली एफडी बँकेत होती, पण ‘आमच्याकडे काहीच नाही रे’ असं त्यांनी सांगितलं. भावाने पतसंस्थेचं कर्ज काढलं. डायलिसिस एकदाही चुकलं नाही. आठ महिन्यांनी वडील गेले. भावाला एफडीचं आजतागायत माहीत नाही.

‘माझ्यामुळे बाबा गेले, हे फादरना कोणत्या तोंडाने सांगू?’ असं त्या विचारतात. फादर आवाज ओळखतील, कॉयरमधून काढतील, भावाला सांगायला लावतील, प्रार्थना आठवणार नाही, 12 वर्षांची पापं कशी मोजायची, अशा धास्तीने त्या दोनदा रांगेत उभ्या राहून परत आल्या. नवरा म्हणतो, ‘देवाला सांगायचं तर थेट सांग, मध्ये माणूस कशाला?’

प्रिय भगिनी,

तुमच्या पत्रातला बहुतेक मजकूर फादरांबद्दल आहे. ते काय म्हणतील, काय विचारतील, नंतर कसं बघतील. भावाच्या फोनबद्दल मात्र जेमतेम पाच ओळी आहेत. तुमची खरी भीती त्या पाच ओळींत आहे, असं मला वाटतं. म्हणून फादरांकडे नंतर येऊ.

‘माझ्यामुळे बाबा गेले’ असं तुम्ही लिहिता, आणि त्याच्या वरच्याच ओळीत लिहिता की डायलिसिस एकदाही चुकलं नाही. ही दोन वाक्यं शेजारी ठेवून वाचा. पैशांअभावी बाबांचे उपचार थांबले नव्हते. भावाने कर्ज काढलं आणि हप्ते त्याने एकट्याने फेडले. तुमच्या खोट्याचा भार पडला तो भावावर. बाबा त्यांच्या आजाराने गेले. तुम्ही या दोन गोष्टींची गाठ मारलीत आणि ती गाठ इतकी वर्षं उराशी धरून बसला आहात. जो गुन्हा केलाच नाही तो कबूल करायला जीभ कशी रेटेल? रांगेतून पाय मागे येतात ते त्यामुळेही असेल.

तुम्ही केलंत ते लहान आहे असं मी म्हणत नाही. वडील अंथरुणावर असताना सख्ख्या भावाशी खोटं बोलणं ही साधी गोष्ट नाही, आणि ती तुम्हाला आजही टोचते हे तुमचं मन जागं असल्याचं लक्षण आहे. माझं म्हणणं एवढंच, की जे केलंत ते सांगा आणि जे केलं नाहीत ते अंगावर घेऊ नका. फादरांसमोर घटना ठेवायची असते. तिचा निकाल घरूनच लावून न्यायचा नसतो. एखादी गोष्ट महापाप ठरायला बाब गंभीर असावी लागते, ती गंभीर आहे हे पुरतं ठाऊक असावं लागतं आणि ती मनापासून, स्वतःच्या मर्जीने केलेली असावी लागते, असं चर्चची शिकवण सांगते. त्या दिवशी फोनवर तुम्ही किती घाबरल्या होतात, घराचा सौदा मोडेल या धास्तीत किती होतात, हे तुम्हालाच माहीत. ते तसंच सांगा. कमीजास्त तोलायला फादर आहेत.

तेव्हा तुमचं कन्फेशन मुळात तीन छोट्या वाक्यांचं आहे. ‘वडिलांच्या आजारपणात भावाने पैसे मागितले. माझ्याकडे होते. मी नाहीत म्हणून खोटं सांगितलं.’ घरी कोणी नसेल तेव्हा ही वाक्यं एकदा मोठ्याने म्हणा. पहिल्यांदा घसा दाटेल, आवाज कापेल. तिसऱ्या-चौथ्यांदा वाक्य पुरं होईल. मनात आपण एखादी गोष्ट हजार वेळा घोळवतो, पण तोंडाने एकदाही म्हणत नाही, आणि कन्फेशनमध्ये नेमकं तेच करायचं असतं. घाबरणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगेन, की जे सांगायचं ते आधी आपल्या कानांना ऐकवा.

आता फादर. कन्फेशनमध्ये ऐकलेलं बाहेर सांगायचं नाही, हा नियम चर्चने कधीही सैल केलेला नाही. 1215 साली रोममध्ये भरलेल्या चौथ्या लॅटरन परिषदेने वर्षातून निदान एकदा कन्फेशन करण्याचं बंधन घातलं. त्याच ठरावात असंही होतं, की ऐकलेलं फोडणाऱ्या धर्मगुरूला पदावरून काढून जन्मभर प्रायश्चित्तासाठी कडक मठात ठेवावं. आजच्या धर्मनियमांत त्याची शिक्षा आपोआप लागू होणारा चर्चबहिष्कार आहे, आणि तो उठवण्याचा अधिकार रोमने स्वतःकडे ठेवला आहे. तुमच्या कामाची गोष्ट तर याच्याही पुढची आहे. तिथे कळलेल्या गोष्टीचा तुमच्या नुकसानीसाठी वापर करायलाही धर्मगुरूला मनाई आहे, मग त्यात गुपित फुटत नसलं तरी. कॉयरमधून काढणं यातच येतं. चर्चच्या आवारात भेटल्यावर ‘काय मग, भावाचं काय झालं?’ असं तुम्ही विषय काढल्याशिवाय ते विचारूही शकत नाहीत.

हे सगळं पटलं तरी ओळखीच्या माणसापुढे भीड वाटणारच. दर रविवारी ज्यांच्यासमोर गाता ते कन्फेशनच्या जाळीमागूनही तुमचा आवाज ओळखतील, हे तुमचं म्हणणं खरं आहे. मग त्यांच्याकडे जाऊच नका. आपल्या पसंतीच्या कोणत्याही अधिकृत धर्मगुरूकडे कन्फेशन करायची मुभा चर्चचा कायदाच देतो. त्यात आपल्या पॅरिशशी, म्हणजे नेहमीच्या चर्चशी, बेइमानी होत नाही, आणि का गेलात हे कुणाला सांगायचंही कारण नाही. पुण्यात राहून तर याची अडचण पडू नये. कॅम्पात सेंट झेवियर्स आहे, नाना पेठेत पेशवाईच्या काळापासूनचं सिटी चर्च आहे, एम्प्रेस गार्डनच्या बाजूला सेंट पॅट्रिक्स कॅथीड्रल आहे. तुमच्या घराजवळ, रामवाडीला, पेपल सेमिनरी आणि ज्ञानदीप या धर्मगुरू घडवणाऱ्या संस्था आहेत. सेमिनरी 1955 मध्ये श्रीलंकेतल्या कँडीहून पुण्यात आली, आणि तेव्हापासून या शहरात देशभरातले धर्मगुरू शिकायला-शिकवायला येत राहिले आहेत. त्यांच्यापैकी कुणी तुम्हाला ओळखत नसणार. आधी फोन करून वेळ मागा, आणि एक गोष्ट आवर्जून सांगा: ‘मला मराठीत बोलायचं आहे.’ ऑफिसात तुम्ही दिवसभर इंग्रजीत बोलत असाल, पण भावाशी जे बोललात ते ‘काहीच नाही रे’ असं मराठीत बोललात. ते इंग्रजीत सांगायला गेलात तर शब्द गुळगुळीत होतील आणि बाहेर आल्यावर काही सांगितल्यासारखं वाटणार नाही.

समोरासमोर बसायचं की जाळीआडून, हेही तुम्हीच ठरवायचं. जाळीची सोय असलीच पाहिजे, असा नियम आहे. फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर मात्र कन्फेशन होत नाही, ते चर्च मानत नाही.

लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, बऱ्याच पॅरिशमध्ये प्रायश्चित्ताची सामूहिक प्रार्थना ठेवतात, त्या संध्याकाळी बाहेरचे पाच-सहा फादर येऊन चर्चच्या कोपऱ्याकोपऱ्यात खुर्ची टाकून बसतात. तिथे गर्दीत लपता येतं, हे खरं. पण तुमच्यासाठी मी ती संध्याकाळ सुचवणार नाही. मागे रांग असली की माणूस घाईत बोलतो, फादरही घाईत असतात, आणि इतक्या वर्षांचं ओझं दोन मिनिटांत उरकल्याची रुखरुख राहते. दोनदा रांगेतूनच परत आलात ना? मग रांग नसेल अशी वेळ घ्या.

प्रार्थना आठवणार नाही, ही भीती सोडून द्या. आत गेल्यावर पहिलंच वाक्य असं म्हणा: ‘फादर, 12 वर्षांनी आले आहे, काय म्हणायचं ते विसरले आहे, मला मदत करा.’ पुढचं ते सांभाळून घेतात. क्रुसाची खूण करायची, पापं सांगायची, ते दोन शब्द बोलतात, प्रायश्चित्त म्हणून एखादी प्रार्थना किंवा कृती देतात, तुम्ही पश्चात्तापाची प्रार्थना म्हणायची, आणि ते पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने पापक्षमा देतात. पश्चात्तापाची प्रार्थना कागदावर लिहून नेली तरी चालते. तीही हरवली तर ‘देवा, मला वाईट वाटतंय, पुन्हा असं होऊ नये म्हणून बळ दे’ एवढं स्वतःच्या शब्दांत म्हटलं तरी पुरे.

राहिली 12 वर्षांची मोजदाद. गंभीर पापं कोणती आणि साधारण किती वेळा, एवढं आठवेल तसं सांगायचं. प्रामाणिकपणे आठवूनही जे राहून गेलं त्याचीही क्षमा झालेली असते. नंतर आठवलं तर पुढच्या वेळी सांगायचं. दुसऱ्यांची नावं घ्यायची नाहीत, त्यांच्या चुका सांगत बसायचं नाही. भावाचं नाव, बँकेचं नाव, रक्कम, यातलं काहीच लागत नाही. पोप फ्रान्सिस यांनी 2013 च्या आपल्या प्रेषितीय उपदेशपत्रात धर्मगुरूंना बजावलं होतं, की कन्फेशनची जागा म्हणजे छळाची कोठडी होता कामा नये, तिथे प्रभूची दया भेटली पाहिजे. मार्च 2014 मध्ये व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स चर्चमध्ये ते स्वतः सगळ्यांच्या देखत एका धर्मगुरूसमोर गुडघे टेकून कन्फेशनला बसले. समोरच्या फादरांनाही दुसऱ्या कुणापुढे जाऊन हेच करावं लागतं, हे ध्यानात असलं की मन थोडं सैल होतं.

तुमच्या यजमानांशी वाद घालू नका. ते ज्या परंपरेत वाढले तिथे माणूस थेट देवापाशी पाप कबूल करतो, आणि आपणही रोजच्या प्रार्थनेत तेच करतो. मिस्सेच्या सुरुवातीला सगळे मिळून करतो तेही तेच. आपली श्रद्धा अशी, की पुनरुत्थानानंतर येशूने शिष्यांना पापक्षमेचा अधिकार दिला. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 20 व्या अध्यायात ते आहे, आणि ते पुस्तक त्यांच्याही घरचंच आहे. पण मला त्यांच्या प्रश्नात एक वेगळी गोष्ट दिसली. देवाला थेट तुम्ही 12 वर्षं सांगतच आला आहात ना? पत्रावरून तरी रोज रात्री सांगता असं दिसतं. तरी मन मोकळं झालं नाही, कारण ‘मी तुला क्षमा केली’ हे शब्द तुम्हाला कानांनी ऐकायचे आहेत. ही तहान कमीपणाची नाही. यजमानांना एवढंच सांगा. ते समजून घेतील असं तुमच्या पत्रातल्या त्यांच्या बोलण्यावरून वाटतं.

मुलीने तुम्हाला विचारलं, ‘मम्मी, तू फादरना काय सांगतेस?’ आणि तुम्ही विषय बदललात. पुन्हा विचारलं तर सरळ सांगा, की ते प्रत्येकाचं स्वतःचं असतं, कुणी कुणाला विचारायचं नसतं, आणि मम्मीलाही जायची भीती वाटते. आपल्याला वाटते ती भीती आईलाही वाटते, हे कळलं की मूल निर्धास्त होतं. तिचं पहिलं कन्फेशन झाल्यावर ‘काय सांगितलंस गं?’ असं तुम्ही विचारू नका आणि घरातल्या मावश्या-आत्यांनाही विचारू देऊ नका. सिस्टरांनी दिलेल्या आठवड्याची वाट बघू नका. त्या आठवड्यात स्वयंपाकी ठरवणं, पाहुणे, पांढरा फ्रॉक यातच जीव अर्धा होईल. आधीच जाऊन या.

हे वाचणाऱ्या इतर काहींची अवस्था उलटी असते. ते दर आठवड्याला जातात, बाहेर आल्यावर ‘नीट सांगितलं का’ या शंकेने पुन्हा आत जातात, तेच ते जुनं पाप पुन्हा उगाळतात. संत इग्नेशियस लोयोला यांना 1522 मध्ये स्पेनमधल्या मॅनरेसात हाच त्रास झाला. जीव द्यावा असं वाटण्याइतका तो वाढला होता. शेवटी जुनी पापं पुन्हा उकरायची नाहीत, असं ठरवल्यावर ते सावरले. अशांनी एकच धर्मगुरू धरावा आणि ते ‘आता पुरे’ म्हणतील तिथे खरोखर थांबावं. झोप उडाली असेल, पुन्हा पुन्हा हात धुतल्यासारखं तेच तेच मनात चालू असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला लाजू नये.

आणखी एक, हेही तितकंच कळकळीने. ज्यांच्यावर कुणी अत्याचार केला आहे, विशेषतः लहानपणी, त्यांच्याकडे त्यातलं काहीही कबूल करण्याजोगं नसतं. ते पाप करणाऱ्याचं. आणि कन्फेशन ऐकताना एखादा धर्मगुरू नको ते खोदून विचारू लागला, लगट करू लागला, तर त्याच क्षणी उठून निघून यावं. कन्फेशनच्या आडून लगट करणं हा चर्चच्या कायद्यानेही गंभीर गुन्हा आहे आणि बिशपांकडे त्याची तक्रार करता येते. तिथलं गुपित पाळायचं बंधन धर्मगुरूवर आहे, तुमच्यावर नाही.

आता तुमच्या भावाकडे येते. फादर तुम्हाला त्याच्यापुढे सगळं सांगायला लावतील का? ते भावाला स्वतः काही कळवू शकत नाहीत. झालेल्या नुकसानीची भरपाई कशी करता येईल, याचा विचार करायला मात्र ते सांगतील, आणि त्यांनी तसं सांगावं असंच मला वाटतं. पापक्षमा मिळाली तरी भावाने फेडलेले हप्ते त्याला परत मिळत नाहीत. दिलेलं प्रायश्चित्त झेपणारं नसेल तर तसं तिथल्या तिथे सांगून दुसरं मागता येतं, तेव्हा त्या भीतीने अडून राहू नका.

माझं मत विचाराल तर आधी कन्फेशन, मग भाऊ. उलट क्रम धरलात तर तुम्ही भावाकडे आपलं ओझं उतरवायला जाल, आणि तो नुसता ऐकणारा होऊन बसेल. मन थोडं शांत झालं की त्याच्याकडे त्याच्यासाठी जाता येईल. एक मार्ग तुमच्या मनात येईल म्हणून आधीच सांगते: पुतण्यांच्या फीचं किंवा घराच्या डागडुजीचं निमित्त करून गुपचूप पैसे पाठवायचे आणि विषय मिटवायचा. तसं करू नका. तेही खोटंच होईल, आणि पैसे कसले हे माहीत नसलेला भाऊ तुमचे आभार मानेल. ते तुम्हाला ऐकवणार नाही.

कम्युनियनच्या दिवशी, पाहुण्यांच्या गर्दीत हा विषय काढायचा नाही. त्यानंतर एखाद्या रविवारी एकट्याच श्रीरामपूरला जा. ‘त्या वेळी माझ्याकडे पैसे होते आणि मी तुला नाहीत म्हणाले’ एवढं आधी सांगा. घराचं कारण, सासरचं कारण, त्याने विचारलं तरच. कर्जातला तुमचा वाटा किती होतो ते आधी घरी यजमानांबरोबर बसून ठरवा, व्याज धरून, आणि तो द्यायची तयारी असल्याचं सांगा. तो घेईल किंवा घेणार नाही. तो चिडेल, वहिनींना हाक मारेल, कदाचित काही महिने फोन घेणार नाही. तसं झालं तर वाट बघा. नाताळला, ईस्टरला नेहमीसारखा फोन करत राहा, आणि त्याने उचलला नाही तर वहिनींकडे मुलांची चौकशी करून ठेवा.